कवितेचा शेजार : जुन्या अंकांजवळ ठेवून वाचलेले इंद्रजित भालेराव



परभणीचा माणूस कुठंही भेटला की हसत हसत एक गोष्ट ऐकवतोच : जगात जर्मनी, भारतात परभणी. त्यात थोडी थट्टा असते, थोडा अभिमान असतो, आणि 'आम्हांला कोण विचारतंय' असा एक बारीकसा सलही असतो. आजचे आपले कवी याच परभणीचे आहेत, इंद्रजित भालेराव. तुमच्यापैकी अनेकांनी त्यांना मंचावर ऐकलं असेल. पुष्कळांनी त्यांची 'बाप' ही कविता शाळेच्या पुस्तकात वाचली असेल, पाठ केली असेल, स्नेहसंमेलनात म्हटलीही असेल. म्हणजे आम्ही काही नवा कवी शोधून आणलेला नाही. अडचण उलटीच आहे. जी कविता सगळ्यांना तोंडपाठ असते ती वाचायची राहून जाते.

म्हणून आज एक वेगळी रीत धरू. नियतकालिकांच्या जुन्या अंकांचं कपाट आपण उघडलं आहे असं समजा. कविता संग्रहात असते तेव्हा मुखपृष्ठावर एकाच कवीचं नाव असतं आणि आतलं सगळं घर त्याचंच असतं. अंकात तसं नसतं. वरच्या अर्ध्या पानावर दुसऱ्या कोणाची कविता असते, समोरच्या पानावर कादंबरीचं परीक्षण, खाली वर्गणीची सूचना. अंकात कवीला शेजार निवडता येत नाही, गावात माणसाला येत नाही तसाच. आणि माणूस कसा आहे हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय नीट कळत नाही, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. आज आपण भालेरावांची कविता अशा शेजारात ठेवून वाचणार आहोत.

आधी थोडी माहिती. भालेराव यांचा जन्म १९६३ चा, वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचा. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत तिकडे गेलं. कवीचं राहणं, शिकवणं, लिहिणं मात्र परभणीतच झालं. 'पीकपाणी' हा संग्रह १९८९ चा. पुढे 'दूर राहिला गाव', 'आम्ही काबाडाचे धनी', 'कुळंबिणीची कहाणी' ही पुस्तकं आली. लहान मुलांसाठी 'गावाकडं' आलं.

ही नावं जरा एकापाठोपाठ एक म्हणून बघा. दोन शेतकरी बाजारात भेटले की पहिला प्रश्न असतो, 'काय, पीकपाणी कसं आहे?' तब्येतीची चौकशी त्याच्या नंतर. कवीनं तो प्रश्नच पुस्तकाचं नाव म्हणून उचलला. 'आम्ही काबाडाचे धनी' हे नाव वरवर ऐकायला रुबाबदार वाटतं. धनी म्हणजे मालक. पण मालकी कशाची? काबाडाची, म्हणजे अंगमोड कष्टाची. सातबाऱ्यावर नाव आहे आणि पदरात पडतं ते काबाड. एवढी बोच एका नावात बसवणारा कवी भोळा नाही, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता 'बाप'. कविता आम्ही इथं म्हणून दाखवणार नाही, तुम्हांला ती येते. तिच्यात काय काय आहे ते फक्त आठवू. शेतात एक खोप आहे. तिला दार आहे ते बोराटीचं, म्हणजे काटेरी फांद्यांचं. बाप तिथं राबतो. जगाला पोसणारा तोच, पण रात्रंदिवस काम हेच त्याच्या कपाळी. अंगावर चिंध्या, ताटात मिरची-भाकर, आणि हात गुंतलेत उसाचं पाचट काढण्यात, जगाला साखर मिळावी म्हणून. बाप लाकडं फोडतो, माय चूल पेटवते. पिठामागे जो घाम आहे त्याची चव तुला काय सांगू, असं कवी कोणाला तरी म्हणतो. शेवटी एक प्रश्न येतो : काटा याच्याच पायात का, यानं असं काय पाप केलं?

मंचावर ही कविता म्हटली जाते तेव्हा सभागृह गलबलतं. शाळेत ती शिकवली जाते तेव्हा खाली प्रश्न असतो, 'शेतकऱ्याच्या कष्टाचं वर्णन तुमच्या शब्दांत करा.' दोन्ही ठिकाणी हाताला लागतं ते एकच, करुणा. बिचारा बाप. आता कविता कागदावर घ्या आणि मनातल्या मनात, सावकाश वाचा. तुम्हांला एक गोष्ट दिसेल. 'बाप' या शब्दाशी यमक जुळवणारे शब्द एकेक करून येत जातात. झाप. माप. हापाहाप. पाप.

हे चार शब्द म्हणजे या कवितेचा सांगाडा आहे, असं आमचं म्हणणं आहे. झाप म्हणजे खोपीचं दार, बापाचं स्वतःचं जग. माप म्हणजे पीक मोजण्याचं साधन, आणि कवितेत ते दुसऱ्याच्या हातात आहे. कष्ट याचे, मोजणार दुसरा. हापाहाप म्हणजे ओरबाडणं, ते जग करतं. आणि पाप हा प्रश्न आहे. म्हणजे कविता शेतातून निघते, मोंढ्यात जाते, तिथून साऱ्या जगात जाते आणि मग विचारते की यात गुन्हेगार कोण. हा सगळा प्रवास एका यमकावरून होतो. ऐकताना यमक कानाला गोड लागतं आणि त्या गोडीत 'माप' हा शब्द निसटून जातो. वाचताना तो बोटाखाली येतो. आमच्या मते कविता तिथंच उभी आहे. कष्टाची कविता म्हणून आपण तिचं कौतुक करतो, ती खरं म्हणजे हिशोबाची कविता आहे.

उसाच्या कडव्यातही तेच आहे. ताटात मिरची आणि जगाला साखर. जेवणातली दोनच टोकं घेतली, तिखट आणि गोड, आणि त्यातून कोण पिकवतो आणि कोण खातो हे सांगून टाकलं. उसाच्या पाचटानं हात कसे चिरतात हे ज्यानं ते काढलं आहे त्याला विचारा. चहाच्या कपात ते दिसत नाही. आणि घामाची चव 'तुला' काय सांगू, यातला 'तू' कोण? भाकरी खाणारा तू. म्हणजे आम्ही, तुम्ही, सभागृहात बसून टाळी वाजवणारे सगळे. कविता आपल्याकडे बोट दाखवत असते आणि आपण तिच्यासाठी टाळ्या वाजवत असतो. गंमत आहे की नाही?

आता शेजारी बघू.

पहिला शेजार कागदावरचा नाही, जात्यावरचा आहे. गंगाखेड परभणी जिल्ह्यातच. जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, शेण वेचणं आहे, आणि देव त्या कामाला हात लावतो. आठ आठ अक्षरांचे छोटे चरण, जात्याच्या फेऱ्याबरोबर चालणारे. या मुलखातल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या अशाच मापात ओव्या म्हटल्या. खानदेशात बहिणाबाईंनी हेच माप घेऊन संसार सांगितला. 'बाप'चे चरण मोजा, आठच अक्षरं येतील. म्हणजे बापाची कहाणी सांगायला पोरानं चाल घेतली ती मायची. आम्हांला हे फार महत्त्वाचं वाटतं. कवितेचं नाव 'बाप', पण तिचा श्वास जात्यावरचा. पिठामागचा घाम हा शब्दप्रयोग सहज सुचलेला नाही, तो या जात्यापासून आलेला आहे. पुढे 'कुळंबिणीची कहाणी' हे आख्खं पुस्तक कुणबिणीच्या जगण्यावर यावं, यात मग नवल वाटत नाही.

दुसरा शेजार परभणी शहरातला. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १९१३ चा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात कारकुनी केली, कथा-कादंबऱ्या लिहिल्या, कविता लिहिली, आणि १९५३ साली, वयाच्या चाळिशीतच गेले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा त्यांचा कवितासंग्रह त्यांच्या पश्चात आला. ज्या राज्यात शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती तिथं मराठीत लिहिणं हीच एक लढाई होती. म्हणून तर १९४३ मध्ये निजाम राज्यातली मराठी साहित्य परिषद उभी राहिली. तीच पुढे मराठवाडा साहित्य परिषद झाली आणि 'प्रतिष्ठान' हे तिचं नियतकालिक झालं. मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे डोळे लावून न बसता इथल्या लेखकाला इथं छापता यावं, ही त्यामागची गरज होती.

बी. रघुनाथांच्या कवितेजवळ भालेराव ठेवले की काय दिसतं? बी. रघुनाथांची काव्यभाषा बरीचशी प्रमाण, घडवलेली, नागर आहे. त्या काळात कवितेनं मराठी म्हणून उभं राहणं हेच काम मोठं होतं, बोलीचा हट्ट पुढच्या पिढीला परवडला. भालेरावांच्या वेळी 'गावाकडं' हा शब्द अनुस्वारासकट पुस्तकाचं नाव होऊ शकला. 'गावाकडे' असं सुधारून घ्या, असं कोणी म्हटलं नाही. एकाच शहरातल्या दोन कवींमधलं हे अंतर आहे. एका अनुस्वाराला पन्नासेक वर्षं लागली, असंही म्हणता येईल.

त्यांची दुसरी गाजलेली कविता घ्या, शहरातल्या दोस्ताला गावाकडं बोलावणारी. रस्ता काट्याकुट्यांचा आहे हे पहिल्यापासून सांगून बोलावणारी. तिथं हाक 'दोस्ता' अशी आहे. दोस्त हा शब्द मराठीत सगळीकडेच आहे, पण परभणीच्या बाजारात, जिथं मराठी आणि दखनी एकाच हातगाड्यावर भाव करतात, तिथं तो अधिक घरचा आहे. 'मित्रा' म्हटलं असतं तर निमंत्रणपत्रिका झाली असती. 'दोस्ता' म्हटल्यामुळे खांद्यावर हात पडला.

तिसरा शेजार चळवळीचा. १९७९ च्या सुमारास शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तिचं अधिवेशन परभणीत भरलं. तेव्हा भालेराव एकवीस वर्षांचे होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही संघटनेची घोषणा त्या काळात गावोगावच्या भिंतींवर होती. आता 'बाप'मधला घाम आणि 'बाप'मधलं माप पुन्हा आठवा. जोशी सांगत होते की शेतकरी आळशी म्हणून गरीब नाही, त्याच्या मालाचा भाव दुसरा ठरवतो म्हणून गरीब आहे. कवितेनं तेच एका यमकात बसवलं. कुणब्याच्या पोराला लढायला शिक म्हणून सांगणारं त्यांचं गीत तर सरळ या चळवळीच्या तोंडी बसलं. या शेजाराशिवाय 'बाप' वाचली तर उरते फक्त आसवांची कविता. या शेजारात वाचली तर ती मोंढ्यातल्या काट्यापुढे उभी राहते. बघा, मराठीत काटा पायातही असतो आणि वजनालाही असतो. हा श्लेष कवितेत नाही, आमचा आहे. पण परभणीच्या मोंढ्यात कापूस घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

याच परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी ज्वारीचं एक वाण काढलं, त्याला नाव दिलं 'परभणी मोती'. भेंडीचं काढलं, ती 'परभणी क्रांती'. बियाण्यात मोती आहे, भाजीत क्रांती आहे. माप मात्र जिथं होतं तिथंच आहे. मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या वाचताना या कवितेतला शेवटचा प्रश्न अजून जुना झालेला नाही, याचं आम्हांला समाधान वाटत नाही. कविता टिकली म्हणून आनंद मानावा अशी ही गोष्टच नाही.

चौथा शेजार सर्वांत अवघड. तो आहे 'अस्मितादर्श'. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून चालवलेलं त्रैमासिक, दलित साहित्याचं हक्काचं घर. त्याचे अंक भालेरावांच्या कवितेजवळ ठेवले की तेच गाव दिसतं, पण दुसऱ्या टोकाकडून. 'बाप'मध्ये शेत आहे, खोप आहे, आणि तिला 'माझी' म्हणता येतं. खोप गरिबाची असेल, पण ती आपली आहे. ज्यानं दुसऱ्याच्या शेतावर साल घातलं त्या सालगड्याला तेवढाही शब्द वापरता येत नाही. त्याच्या बाबतीत मापाचा प्रश्न पिकापर्यंत पोचतच नाही, तो मजुरीपाशी अडतो. आणि काही वेळा मजुरीच्याही आधी, पाणवठ्यापाशी.

१९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. नामांतर व्हायला १९९४ साल उजाडलं. भालेरावांची पिढी याच सोळा वर्षांत लिहिती झाली. म्हणून दोस्ताला गावाकडं बोलावणारी कविता वाचताना आम्हांला एक प्रश्न पडतो आणि तो इथं मांडायलाच हवा. काट्यांचा रस्ता तुडवत दोस्त येईल. पण गावात शिरताना तो कोणत्या वस्तीतून शिरेल? ज्या दोस्ताचं घर गावकुसाबाहेर होतं आणि जो एकदाचा तिथून सुटला, त्यालाही ही हाक लागू आहे का?

यावर कोणी म्हणेल, एका कवितेकडून सगळ्या गावाची अपेक्षा कशाला? बरोबर आहे. आम्ही कवीला दोष देत नाही. कुणब्याच्या पोरानं कुणब्याचं घर प्रामाणिकपणे सांगितलं, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. दोष आमच्यासारख्या वाचणाऱ्यांचा आहे. आम्ही एका घराला गाव समजलो. 'बाप' वाचली की आख्खा ग्रामीण महाराष्ट्र वाचल्यासारखं वाटलं आणि 'अस्मितादर्श'चा अंक आम्ही वेगळ्या कपाटात ठेवला, दलित साहित्य अशी चिठ्ठी लावून. एकाच शिवारातल्या दोन कविता दोन कपाटांत गेल्या. आमच्या वाचनातही गावकूस तसंच राहिलं.

आणखी एक तक्रार, कवीच्याच बाबतीत. मंचावरच्या दादेची एक सवय लागते. सभागृहाला काय हलवतं हे कळलं की तेच पुन्हा करण्याचा मोह होतो. बाप, माय, घाम, काटा हे शब्द फार फिरले की नाण्यासारखे गुळगुळीत होतात. या वाटेनं भालेरावांच्या मागून आलेल्या पुष्कळ कवितांत फक्त बाप उरला आणि माप हरवलं. कष्टाचं वर्णन आलं, कष्टाचा हिशोब आला नाही. अनुकरण करणाऱ्यांनी यमक घेतलं, त्यातला मधला शब्द घेतला नाही. याची जबाबदारी मूळ कवीवर किती टाकायची हे ज्यानं त्यानं ठरवावं. आम्ही एवढंच म्हणू की 'बाप' स्वतः या आरोपातून सुटते, कारण तिच्यात शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ती बापाची पूजा करून थांबत नाही. उत्तर मागते.

धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली 'कवितारती' सुरू केलं, फक्त कवितेला वाहिलेलं द्वैमासिक. अशा नियतकालिकांनी आपल्याला एक शिस्त दिली. कविता एकटी, शांतपणे, दादेशिवाय वाचायची आणि मग तिच्याबद्दल बोलायचं. मंच आणि अंक, दोन्ही लागतात. भालेरावांची कविता ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्यापर्यंत मंचामुळेच पोचली. ती टाळी आम्ही कमी लेखत नाही. १९९५ मध्ये परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष होते नारायण सुर्वे, गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्यांचे कवी. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यानं कामगारांच्या कवीला मांडवात बसवलं होतं. असा शेजार जमवता येतो, फक्त तो मुद्दाम जमवावा लागतो.

म्हणून तुम्हांला एक छोटंसं काम सांगून थांबतो. घरात, वाचनालयात, कुठं मिळेल तिथून 'बाप' काढा. मोठ्यानं म्हणू नका. 'माप'पाशी थांबा. मग त्याच बैठकीत 'अस्मितादर्श'च्या एखाद्या जुन्या अंकातली एक कविता वाचा, कोणतीही. दोन्ही कवितांत भाकरी येते का बघा, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या ताटात जाते ते बघा. तुम्हांला जे दिसेल ते आम्हांला जरूर कळवा. पुढच्या वेळी चर्चेला तिथूनच सुरुवात करू.